पैदाशीच्या वयस्क घोडीचा घोटा का बसतो, आणि मग काय करायचं

घोडी लंगडायला लागली की आपल्या कोकण किनाऱ्यावर पहिला सल्ला मिळतो तो ‘महिनाभर बांधून ठेवा’. तरण्या घोड्याचा पाय खडकात मुरगळला असेल तर हा सल्ला बराचसा बरोबर आहे. पण सतरा-अठरा वर्षांची, पाच-सहा शिंगरं दिलेली घोडी मागच्या पायांवर अवघडून उभी राहायला लागते, सारखा पाय बदलते, भिंतीला ढुंगण टेकवून उभी दिसते, तेव्हा तोच सल्ला निरुपयोगी ठरतो, कधी नुकसानही करतो. तिचा पाय अमुक एका दिवशी दुखावलेला नसतो. तो वर्षानुवर्षं झिजत आलेला असतो. दुखापत कुठली आणि झीज कुठली हे ओळखलं की पुढचे बरेचसे निर्णय आपोआप सोपे होतात, म्हणून सुरुवात तिथून करू.

घोड्याच्या पुढच्या पायात गुडघ्याच्या खाली आणि मागच्या पायात हॉकच्या खाली (हॉक म्हणजे मागे टोक काढलेला तो मोठा सांधा) मांस जवळजवळ नसतंच. हाड, शिरा, लिगामेंट आणि वर कातडी, एवढाच ऐवज. शिरा म्हणजे इथे रक्ताच्या नव्हेत, स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या; लिगामेंट म्हणजे हाडाला हाडाशी बांधणारा पट्टा. या भागाला रक्तपुरवठा कमी, म्हणून जखम भरायला वेळ लागतो. नळीच्या हाडाच्या (गुडघा किंवा हॉकपासून घोट्यापर्यंतचं लांब हाड) मागे, हाडाला अगदी चिकटून, सस्पेन्सरी नावाचं जाड लिगामेंट खाली उतरतं. घोट्याच्या (नळीच्या खालच्या टोकाचा सांधा) थोडं वर त्याच्या दोन फांद्या होतात आणि घोट्यामागच्या दोन लहान हाडांना एकेक फांदी जाऊन चिकटते. तान्ह्या पोराची झोळी असते तसा घोड्याचा घोटा या लिगामेंटात तोललेला असतो. पाऊल पडलं की घोटा खाली दबतो, लिगामेंट ताणतं, पाऊल उचललं की ते पुन्हा आखडतं. भरधाव पळणाऱ्या घोड्याचा घोटा जमिनीला लागेल की काय इतका खाली जातो आणि तरी पुन्हा वर येतो, ते प्रामुख्याने याच्या जिवावर.

घोडी नुसती उभी असली तरी हे लिगामेंट कामावर असतंच. घोडे उभ्याने झोपतात आणि दिवसातला फार थोडा वेळ आडवे होतात. ‘बांधून ठेवलं म्हणजे पायाला आराम’ हे म्हणूनच अर्धसत्य आहे. बांधलेली घोडी चोवीस तासांतले वीस-बावीस तास त्याच लिगामेंटावर उभी असते.

दोन वेगळी दुखणी

पहिलं दुखणं म्हणजे दुखापत. घसरली, खड्ड्यात पाय गेला, चिखलातून उसळी मारून बाहेर आली आणि लिगामेंटाचे काही धागे तुटले. बहुतेक वेळा एकच पाय. गरम लागतो, सूज येते, दाबलं की घोडी पाय खेचून घेते. हे भरून येतं, पण भरून आलेली जागा मूळच्यासारखी होत नाही. आधी घाईघाईत कच्चं ऊतक तयार होतं, मग त्याचे धागे हळूहळू ताणाच्या दिशेने लागतात, आणि या सगळ्याला सहा महिने ते वर्ष, कधी जास्तही लागतं. तयार झालेला व्रण कमी लवचिक असतो, त्यामुळे तीच जागा पुन्हा तुटू शकते.

दुसरं दुखणं झिजेचं. डॉक्टर त्याला डीएसएलडी (डीजनरेटिव्ह सस्पेन्सरी लिगामेंट डेस्मायटिस) म्हणतात. यात लिगामेंटाच्या धाग्यांमध्ये प्रोटिओग्लायकन नावाचा, पाणी धरून ठेवणारा पदार्थ साठत जातो आणि धाग्यांची घट्ट वीण सुटते. लिगामेंट जाड होतं, लांबतं, पण भार पेलत नाही. घोटा महिन्यागणिक खाली बसतो, खुराच्या वरचा तिरका भाग आडवा होत जातो, आणि मागच्या पायात हॉकचा बाक जाऊन पाय खांबासारखा सरळ दिसतो. दक्षिण अमेरिकेतल्या पेरुव्हियन पासो जातीत हे दुखणं फार दिसल्यामुळे त्याचा अभ्यास तिथून सुरू झाला, पण ते इतर जातींतही होतं आणि उतारवयाच्या पैदाशीच्या घोड्यांमध्ये ते आढळतं हे ठाऊक आहे. ते सहसा एका पायात राहत नाही. दोन्ही मागचे, कधी चारही पाय धरतात. बरं करणारं औषध आजमितीला नाही.

यात फसायची एक हमखास जागा आहे. पाय सुजलाय का हे आपण शेजारच्या पायाशी ताडून बघतो. झिजेच्या दुखण्यात शेजारचा पायही तितकाच बिघडलेला असतो, मग दोन्ही सारखे दिसले की ‘तसं काही नाही’ म्हणून आपण निर्धास्त. त्यापेक्षा महिन्यातून एकदा फोटो काढावा: तीच फरशी, तीच बाजू, मोबाइल घोट्याच्या उंचीवर, घोडी चारी पायांवर सरळ उभी. तीन-चार फोटो शेजारी ठेवले की रोजच्या नजरेला न दिसणारा उतार दिसतो.

हातानेही कळतं. पाय उचलून गुडघ्यापाशी दुमडून धरावा म्हणजे शिरा सैल पडतात. मग अंगठा आणि तर्जनी नळीच्या दोन्ही बाजूंनी मागे सरकवावी. सगळ्यात मागे लागतात त्या दोन शिरा. त्या बोटाने जरा बाजूला केल्या की त्यांच्या आणि हाडाच्या मधे, खोल, सस्पेन्सरी हाताला लागतं. त्यावरून खाली घोट्यापर्यंत यायचं. निरोगी फांदीच्या कडा नीट कळतात. बिघडलेली फांदी फुगीर लागते, कडा हरवलेल्या असतात, आणि दाबल्यावर घोडी कान मागे पाडते. हे निरोगी असतानाच चार-सहा वेळा करून हाताला सवय लावावी, नाहीतर दुखण्याच्या दिवशी आपण नेमकं काय चाचपतोय तेच कळत नाही.

गाभण घोडीत आणखी एक गोंधळ होतो. शेवटच्या दोन महिन्यांत मागचे दोन्ही पाय भरून येतात. ही सूज मऊ, थंड असते, बोटाने दाबलं की खळगा पडतो, आणि पंधरा-वीस मिनिटं चालवलं की उतरते. ती लिगामेंटाची नव्हे.

सोनोग्राफी: गुरांचंच मशीन चालतं

कोकणात घोड्यांचे म्हणून डॉक्टर थोडे. तालुक्याच्या दवाखान्यात गायी-म्हशी, शेळ्या आणि कुत्री. त्यामुळे ‘पायाची सोनोग्राफी मुंबई-पुण्यालाच’ असं मालक गृहीत धरतो आणि दुखऱ्या घोडीला टेम्पोत चढवून घाट चढतो. सहा तास डुगडुगत उभं राहणं हा त्या पायावर वेगळा अत्याचार. गाभण तपासायला गुदद्वारातून घालतात तो सरळ प्रोब पायावरही चालतो, हे बऱ्याच मालकांना माहीत नसतं. मशीनवर खोली (डेप्थ) कमी ठेवायची, केस भादरायचे, भरपूर जेल लावायचं, एवढंच.

चौलच्या एका बागायतदाराच्या घोडीची तपासणी अशीच झाली, पोफळीच्या सावलीत, स्क्रीनवर ऊन पडू नये म्हणून वर टॉवेल धरून. धडधाकट लिगामेंट स्क्रीनवर पांढऱ्या समांतर रेघांसारखं दिसतं, तुटलेल्या जागी काळा डाग दिसतो. या घोडीत काळा डाग कुठेच नव्हता. रेघाच नव्हत्या. दोन्ही मागच्या पायांत, वरपासून खालपर्यंत, करडं पिंजलेलं काहीतरी, आणि जाडी वाढलेली. घोडी दोन महिने दावणीला होती आणि त्या दोन महिन्यांत तिचे घोटे आणखी बसले होते. डॉक्टरांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे तिचं दावं सोडायला लावलं.

झिजेच्या घोडीला थोडी, संथ, स्वतःच्या मर्जीची हालचाल लागते. सपाट, लहान, कुंपण घातलेला तुकडा, जिथे ती चालेल पण उधळणार नाही, आणि सोबतीला एखादं शांत जनावर. दुखापतीच्या घोडीचं वेगळं. ती सुरुवातीला बंद जागेत, रोज हाताने पाच-दहा मिनिटं सरळ रेषेत चालवायची, दर आठवड्याला थोडी वाढ, आणि दोन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी करून पुढचं ठरवायचं. लंगडणं थांबलं म्हणून मोकळी सोडायची नाही. वेदना आधी थांबते, लिगामेंट नंतर भरतं.

बर्फ, गोळ्या आणि डाग

ताज्या दुखापतीत पहिले दोन-तीन दिवस गारवा हे सगळ्यात चांगलं आणि स्वस्त औषध. ‘समुद्रात उभी करा’ म्हणणारे भेटतील. पण थंड देशांत समुद्राच्या पाण्याचा उपयोग होतो तो ते पाणी गार असतं म्हणून. आपलं अरबी समुद्राचं पाणी वर्षातला बराच काळ सत्तावीस-अठ्ठावीस अंशांचं. त्याने पाय धुऊन निघेल, गार होणार नाही. आपल्याकडे त्याहून चांगली सोय आहे: मासळीचा बर्फ. बंदरावर फोडलेला बर्फ मिळतो, तो ओल्या गोणपाटात भरून नळीला वीस मिनिटं गुंडाळायचा, दिवसातून तीन-चारदा. मधल्या वेळात कापूस घालून बेताची घट्ट पट्टी. दोरीसारखी आवळलेली पट्टी शिरेला इजा करते, आणि दमट हवेत दोन दिवस न सोडलेली पट्टी कातडी कुजवते.

वेदनाशामक गोळ्या डॉक्टरांच्या हिशेबानेच. घोड्यांना सर्रास देतात ते फिनाइलब्युटाझोन जास्त दिवस किंवा जास्त मात्रेत पोटात व्रण करतं, मूत्रपिंडाला त्रास देतं, आणि मे महिन्याच्या उकाड्यात घोडी पाणी कमी पीत असेल तर धोका आणखी वाढतो. गाभण घोडीत तर प्रत्येक गोळी विचारून. घरातल्या माणसांचं डायक्लोफिनॅक ठोकायचं नाही. जनावरांसाठी त्यावर २००६ पासून बंदी आहे, कारण ते पोटात असलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं की गिधाडं मरतात. म्हसळ्याजवळच्या चिरगावला गिधाडं वाचवायला लोकांनी काय खस्ता खाल्ल्या हे रायगडकरांना वेगळं सांगायला नको.

आणि डाग. तापलेल्या सळईने पायावर चटके द्यायची पद्धत अजून गेलेली नाही. ‘डागलं की शीर आवळते’ म्हणतात. आवळते ती कातडी, आतलं लिगामेंट नाही. घोडी बरी वाटते कारण डागल्यावर तिला महिना-दोन महिने विश्रांती मिळते. तेवढी विश्रांती चटके न देताही देता येते. पावसाच्या तोंडावर भाजलेल्या जखमेत अळ्या पडलेल्या ज्याने पाहिल्या आहेत तो पुन्हा सळई तापवणार नाही.

पीआरपी (घोडीच्याच रक्तापासून केलेलं इंजेक्शन), स्टेम सेल, शॉकवेव्ह या नव्या उपचारांची नावंही कानावर येतील. शर्यतीच्या किंवा खेळाच्या घोड्याच्या एका जागच्या दुखापतीत त्यांना अर्थ असू शकतो. मुळातून विरत चाललेल्या लिगामेंटावर त्यांचा पैसा मी तरी खर्च करणार नाही. तो नालबंदावर आणि चाऱ्यावर करावा.

जमीन, खूर, वजन

झिजेच्या घोडीचा सगळा इलाज एकाच गोष्टीभोवती फिरतो: त्या लिगामेंटावर रोज किती भार येतो.

जमिनीपासून बघू. भरतीच्या रेषेच्या वरची कोरडी भुसभुशीत वाळू दिसायला मऊ, पण पाय रुततो, घोटा जास्त खाली जातो आणि प्रत्येक पाऊल ओढून काढावं लागतं. लिगामेंटाला ती सगळ्यात वाईट. ओहोटीनंतरची ओली, दबलेली वाळू चांगली. अलिबागहून कुलाबा किल्ल्यात ओहोटीला घोडागाड्या जातात त्या तशाच घट्ट तळावरून. मात्र पुळणीच्या उतारावर आडवं चालवलं की एका बाजूच्या पायांवर भार येतो, म्हणून पाण्याच्या कडेचा सपाट पट्टाच धरावा. वाडीत पाटाचं पाणी झिरपून झालेला चिखल टाळावा. गोठ्यात जांभ्याची उघडी खडबडीत फरशी असेल तर त्यावर रबराची मॅट आणि वर जाड पेंढा हवा. अंथरूण चांगलं असेल तर म्हातारी घोडी आडवी होते, आणि ती आडवी असते तेवढाच वेळ लिगामेंटाला खरी सुट्टी. घोटा फार बसला असेल तर त्याची मागची बाजू घासून जखम होते, ती रोज बघायची.

पावसाळ्यात हे सगळं अवघड होतं. दक्षिण कोकणात तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, चार महिने घोडी कुठे चालवणार? निदान गोठ्यापुढे दहा-बारा पावलांचा उंचवटा चिऱ्यांचा चुरा आणि रेती घालून, पाणी निघून जाईल असा मेमध्येच करून घ्यावा.

खुराचं काम दर पाच-सहा आठवड्यांनी. नालबंद लांबून येतो म्हणून तीन-तीन महिने खूर वाढू देतात, पुढचं टोक लांबतं, आणि पाऊल उलटताना मागच्या सगळ्या दोऱ्यांवर ताण येतो. टोक आखूड ठेवणं हा सगळ्यात सोपा उपाय. घोटा बसलेला दिसला की टाचेखाली पाचर घालून पाय ‘उभा’ करायचा मोह अनेकांना होतो. दिसायला पाय सुधारतो. पण टाच उंचावली की खुरापर्यंत जाणारी खोल शीर सैल पडते, तिचा घोट्याला असलेला आधार जातो आणि भार सस्पेन्सरीवर वाढतो. मागे बाहेर आलेली बंद, अंडाकृती नाल बऱ्याचदा जास्त आधार देते. चिखलात मात्र ती उचकटून निघते, म्हणून ती कोरड्या महिन्यांतच. डॉक्टर आणि नालबंद एका दिवशी बोलावले, सोनोग्राफीचा फोटो मधे ठेवला, तर भांडण कमी होतं.

वजन. पैदाशीची घोडी म्हणजे भरलेली, चकचकीत, असं आपल्या डोक्यात बसलेलं आहे. बरगडी दिसू नये पण हात फिरवला की सहज लागावी, इतपत पुरे. झिजेच्या घोडीच्या अंगावरचे जास्तीचे तीस किलो रोज वीस तास त्याच लिगामेंटावर असतात. पण गाभण घोडीची चंदी एकदम तोडायची नाही. लठ्ठ गाभण घोडी उपाशी राहिली तर चरबी रक्तात उतरते आणि यकृत निकामी होऊन ती दगावू शकते. वजन उतरवायचं ते गाभण नसताना, हळूहळू.

चाऱ्यात आपली कोकणी अडचण वेगळीच. भाताचा पेंढा आणि भाताचा कोंडा हे दोन स्वस्त पदार्थ. पेंढ्यात कॅल्शियम कमी. कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या कितीतरी पट. हत्तीगवतासारख्या काही गवतांतलं ऑक्झलेट आहे ते कॅल्शियमही अडवून ठेवतं. शरीर मग हाडातून कॅल्शियम काढतं, आणि लिगामेंट जिथे हाडाला चिकटतं ती जागाच ठिसूळ होते. दूध पाजणाऱ्या घोडीत हे आणखी लवकर होतं. आहारात कॅल्शियम फॉस्फरसच्या दीड ते दोन पट असावं. कोंडा कमी करून लसूणघास आणि तांबं-जस्त असलेलं खनिज मिश्रण दिलं की बराच फरक पडतो. दातही तपासून घ्यावेत. म्हाताऱ्या घोडीच्या दाढांना धारा आल्या असतील तर चांगला चाराही चोथा होऊन बाहेर पडतो.

पंधरा वर्षांपुढच्या घोडीत एक रक्ततपासणी करून घ्यावी असं मला वाटतं. मेंदूतल्या पिट्युटरी ग्रंथीचा बिघाड, ज्याला कुशिंग म्हणतात, या वयात होतो, आणि त्याचा सस्पेन्सरीच्या झिजेशी संबंध आढळला आहे. कोकणातल्या उन्हात अंगावर लांब केस राहिलेली, खूप पाणी पिणारी, पाठीचं मांस गेलेली घोडी दिसली तर संशय घ्यावा. त्यावर परगोलाइड हे औषध आहे. मात्र ते दूध उतरायला अडथळा करतं, म्हणून घोडी गाभण आहे हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांगायचं.

पुन्हा गाभण करायची का?

घोडीचे दिवस साधारण अकरा महिने. पोटातलं शिंगरू शेवटच्या तीन महिन्यांतच निम्म्याहून जास्त वाढतं. साडेतीनशे किलोच्या घोडीत शिंगरू, वार आणि पाणी मिळून शेवटी पंचेचाळीस-पन्नास किलोंची भर पडते. त्याआधी वळूचा भार, तोही नेमका मागच्या पायांवर. नंतर विताना चार-सहा वेळा उठबस, मग सहा महिने पाजणं. घोटा डोळ्यांना दिसण्याइतका बसला असेल, किंवा घोडी चालताना लंगडत असेल, तर माझं उत्तर नाही असं आहे, तिची शिंगरं कितीही किमतीला जात असली तरी. एकाच पायाची जुनी दुखापत असेल, वर्ष उलटलं असेल आणि सोनोग्राफीत रेघा नीट दिसत असतील, तर एखादं वेत घेता येईल.

रक्तच टिकवायचं असेल तर दुसरी वाट आता आपल्या देशात उघडली आहे. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्राच्या बिकानेर शाखेत मे २०२३ मध्ये भ्रूण प्रत्यारोपणाने मारवाडी शिंगरू जन्माला आलं. तिचं नाव राज-प्रथमा. म्हातारी घोडी फळवायची, साडेसात दिवसांचा भ्रूण धुऊन काढायचा आणि तरण्या घोडीच्या गर्भाशयात ठेवायचा. फळवण्याचं काम कृत्रिम रेतनाने केलं तर म्हातारीवर वळूचाही भार नाही. शर्यतीच्या थरोब्रेड घोड्यांत मात्र हा मार्ग बंद आहे. त्यांच्या नोंदवहीत फक्त नैसर्गिक संयोगातून, स्वतःच्या आईच्या पोटी जन्मलेलं शिंगरू धरलं जातं.

पण भ्रूण काढण्याआधीही एक गोष्ट बघायला हवी. पेरुव्हियन पासोमध्ये झिजेचं दुखणं घराण्याघराण्यात दिसतं. आपल्या मारवाडी-काठेवाडी घोड्यांत कुणी तसा हिशेब ठेवत नाही, म्हणून तो मालकानेच ठेवावा. या घोडीच्या मुली कुठे आहेत, त्यांचे घोटे कसे आहेत, दहा-बारा वर्षांच्या झालेल्या कुणाचा हॉक सरळ होत चाललाय का. विकलेल्या मुलींच्या मालकांना फोन करून बाजूने काढलेला एक फोटो मागवायचा, आणि त्या मालकांनी आपल्या घोड्या फळवायच्या आधी मागवायचा.